मागणीच्या वहीतील चार नावे

एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल भगिनींनी पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे: ‘एका निवृत्त शिक्षकांनी आमच्या बालविभागासाठी २०,००० रुपयांची देणगी दिली आहे. आठवी-नववीच्या मुलांनी मागणीच्या वहीत नारुतो, वन पीस, डीमन स्लेयर आणि डेथ नोट या चार मंगांची, म्हणजे जपानी चित्रकथामालिकांची, नावे पुन्हा पुन्हा लिहिली आहेत. नमुना म्हणून डीमन स्लेयरचा एक खंड मागवून मी तो कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ठेवला. एका ज्येष्ठ सदस्यांनी सुरुवातीची पाने उलटली, तर त्यांना तुटलेले मुंडके दिसले. ही पुस्तके बालविभागात येता कामा नयेत, असे त्यांनी सांगितले आणि विषय तहकूब झाला. मला स्वतःला चौकटी कोणत्या क्रमाने वाचायच्या हेही उमगले नाही. ही मंगा मुलांसाठी असते की मोठ्यांसाठी? घ्यायचीच झाली, तर या पैशांत कोणती घ्यावी?’

सप्रेम नमस्कार.

मुलांनी वहीत लिहिलेली नावे तुम्ही मंडळापुढे नेलीत, याचा मला फार आनंद झाला. अनेक वाचनालयांत ती वही भिंतीला टांगलेली राहते आणि तिच्यातील मागण्यांना वर्षानुवर्षे उत्तर मिळत नाही. तुमच्या ज्येष्ठ सदस्यांनी जे पाहिले ते त्या पुस्तकात आहे, ते नाकारून मी तुम्हाला सल्ला देणार नाही. मात्र एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी: त्यांनी ते पुस्तक शेवटाकडून उघडले होते. उर्दू पुस्तक ज्या बाजूने उघडतात त्याच बाजूने मंगा उघडायची असते. प्रत्येक पानावर उजवीकडच्या वरच्या चौकटीपासून सुरुवात करून डावीकडे जायचे, मग खालच्या ओळीत पुन्हा उजवीकडून यायचे, आणि एका चौकटीत दोन माणसे बोलत असतील तर उजवीकडच्या फुग्यातील वाक्य आधी वाचायचे. पूर्वी इंग्रजी आवृत्त्या काढताना चित्रे आरशातल्यासारखी उलटवून छापली जात आणि त्यामुळे कथेतील उजव्या हाताचे योद्धे डावखुरे दिसत. आता बहुतेक प्रकाशक मूळ दिशा तशीच ठेवतात. तेव्हा सदस्यांच्या नजरेस पडले ते कथेची सुरुवात नव्हते. खंडाच्या अखेरीस, संघर्ष टिपेला पोहोचल्यावर येणारी ती पाने होती.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मंगा मुलांची की मोठ्यांची, याचे उत्तर ‘पुस्तक मुलांचे की मोठ्यांचे’ या प्रश्नाच्या उत्तरासारखेच आहे: दोघांचीही असते, आणि कोणती कोणाची हे पाहूनच ठरवावे लागते. जपानमध्ये बहुतेक मंगा आधी नियतकालिकांतून क्रमशः छापली जाते आणि नंतर प्रकरणे एकत्र करून साधारण दोनशे पानांचे खंड निघतात. कोणते नियतकालिक कोणासाठी काढले आहे, यावरून चार मोठे वर्ग पडले आहेत. ‘शोनेन’ म्हणजे मुलगे, ‘शोजो’ म्हणजे मुली, ‘सेइनेन’ म्हणजे तरुण पुरुष आणि ‘जोसेइ’ म्हणजे प्रौढ स्त्रिया. याखेरीज अगदी लहान मुलांसाठी वेगळी मासिके असतात. हे वर्ग वाचकांचे आहेत, विषयांचे नाहीत, आणि बहुतेक घोटाळे ही एक गोष्ट लक्षात न आल्यामुळे होतात. खेळ, भय, प्रेम, विज्ञान, इतिहास, स्वयंपाक, यंत्रमानव, किंवा सामान्य माणूस अचानक दुसऱ्याच जगात जाऊन पडतो अशा ‘इसेकाई’ कथा, हे सारे विषय चारही वर्गांत कमीअधिक सापडतात.

तुमच्या गावातील प्रत्येक मुलाला ठाऊक असलेले एक उदाहरण मंडळासमोर ठेवता येईल. शिनचॅन हा पाच वर्षांचा खट्याळ मुलगा आपल्याकडे लहान मुलांचा मानला जातो; पण १९९० मध्ये त्याची मंगा सुरू झाली ती ‘मंगा अ‍ॅक्शन’ या प्रौढ पुरुषांच्या साप्ताहिकात, आणि तिच्यातील पुष्कळ विनोद आईबापांच्या संसारावर बेतलेले होते. याउलट डोरेमॉन १९६९ च्या अखेरीस जन्माला आला तोच शाळकरी मुलांच्या मासिकांत. मुखपृष्ठावर मूल आहे म्हणून पुस्तक मुलांचे ठरत नाही आणि मुखपृष्ठावर तलवार आहे म्हणून ते मोठ्यांचेही ठरत नाही. ‘शोनेन’ हा शिक्काही पुरेशी हमी देत नाही, कारण त्या मासिकांचा वाचक दहा वर्षांचा असतो तसाच अठरा वर्षांचाही असतो. ‘अटॅक ऑन टायटन’ (२००९ ते २०२१, ३४ खंड) शोनेन मासिकातच आली, तरीही तिच्यात माणसे खाल्ली जाण्याची दृश्ये इतकी उघड आहेत की मी ती बालविभागात ठेवणार नाही.

तुमच्या मुलांनी लिहिलेली चारही नावे एकाच साप्ताहिकातून आली आहेत. त्याचे नाव ‘शोनेन जंप’. शुएइशा या प्रकाशनसंस्थेने ते १९६८ मध्ये सुरू केले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्याच्या एका अंकाच्या ६५ लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या. हलक्या कागदावर छापलेला, चारशेहून अधिक पानांचा तो जाडजूड अंक स्वस्त असतो, वाचून झाला की रद्दीत जातो, आणि ज्या कथा आवडल्या त्यांचेच खंड वाचक विकत घेऊन जपतात. अंकासोबत येणाऱ्या पोस्टकार्डावर वाचकांनी आपल्या आवडत्या कथा कळवायच्या, त्यावरून संपादकांनी कथांचा क्रम पाहायचा आणि मागे पडलेली कथा काही महिन्यांत बंद करायची, अशी तेथील रीत आहे. मैत्री, परिश्रम आणि विजय हे तीन शब्द या साप्ताहिकाचे सूत्र मानले जातात. प्रत्येक प्रकरण उत्कंठेच्या टोकावर का थांबते आणि लोकप्रिय मालिका का संपता संपत नाही, याचे कारण बरेचसे या व्यवस्थेत आहे. चित्रकाराला दर आठवड्याला एकोणीस-वीस पाने द्यावी लागतात, हाताखाली सहायक असले तरी ते काम शरीर झिजवणारे असते, हेही मुलांना कधी तरी सांगा; ज्याला चित्रे काढायची आवड आहे त्याला ते जरूर कळावे.

डीमन स्लेयरबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आक्षेप त्याच पुस्तकावर आला आहे. कोयोहारू गोतोगे यांची ही मालिका २०१६ ते २०२० या काळात प्रसिद्ध झाली आणि २३ खंडांत पूर्ण झाली. कथा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या, ‘ताइशो’ काळातील जपानमध्ये घडते. कोळसा विकून घर चालवणारा तान्जिरो एके दिवशी परत येतो तेव्हा राक्षसाने त्याचे कुटुंब मारलेले असते, आणि वाचलेली एकमेव बहीण नेझुको स्वतःच राक्षस होऊ लागलेली असते. तिला पुन्हा माणूस करण्यासाठी तो राक्षसांचा नायनाट करणाऱ्यांच्या तुकडीत सामील होतो. या कथेतील राक्षस सहसा दोनच गोष्टींनी मरतात, सूर्यप्रकाशाने किंवा खास पोलादाच्या तलवारीने मुंडके उडवल्यावर. म्हणून तुमच्या सदस्यांना दिसले ते दृश्य या मालिकेत एकदाच येत नाही, वारंवार येते, आणि मंडळाला तसे स्पष्ट सांगणेच योग्य होईल. पण त्यासोबत हेही सांगावे की मुंडके उडाल्यानंतर कथा अनेकदा थांबते आणि तो राक्षस माणूस असताना कोण होता, कोणत्या दुःखाने तो असा झाला, हे सांगते. आणि तान्जिरो त्या मरणाऱ्या शत्रूविषयी मनापासून हळहळतो. राक्षसवध ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या वाचकांना वध परका नाही. वध झालेल्याच्या वाट्याला इतकी करुणा येते, ती मला या मालिकेची खरी ओळख वाटते. तेरा वर्षांवरील मुलांना ती द्यायला माझी हरकत नाही. चौथी-पाचवीच्या मुलांना देऊ नये.

उरलेल्या तिघांपैकी वन पीस ही एइइचिरो ओदा यांची समुद्री चाच्यांची मालिका १९९७ पासून चालू आहे आणि तिचे शंभरहून अधिक खंड झाले आहेत. रबरासारखे शरीर असलेला लुफी आणि त्याचे सोबती यांची ती हसरी, मोठ्या मनाची कथा मला स्वतःला प्रिय आहे. तरीही ती तुम्ही घेऊ नये. एका खंडाला साधारण ४०० ते ६०० रुपये पडतात, म्हणजे सरासरी ५०० रुपये धरले तर आजवरचे खंड घ्यायलाही ५०,००० रुपये पुरणार नाहीत. पहिले दहा खंड आणून थांबलात, तर अकरावा मागायला रोज मुले तुमच्या टेबलाशी उभी राहतील. नारुतो (१९९९ ते २०१४) पूर्ण झाली आहे, पण ७२ खंडांत, म्हणून तिलाही हाच हिशोब लागू पडतो. गावाने वाळीत टाकलेल्या अनाथ मुलाला आपली जागा मिळवायची आहे, हा तिचा गाभा मुलांना इतका भिडतो की ती वहीत का आली हे मी समजू शकतो. डेथ नोट (२००३ ते २००६) मात्र बारा खंडांत आटोपते. ज्याचे नाव लिहावे तो मरतो अशी वही एका अत्यंत हुशार विद्यार्थ्याच्या हाती लागते आणि तो गुन्हेगार मारत सुटतो. तिच्यात रक्त फारसे नाही, पण खून म्हणजेच न्याय असे मानणारा माणूस कथेच्या केंद्रस्थानी आहे. तो मोहक वाटतो, आणि तो चुकत आहे हे वाचकाने स्वतः ओळखायचे असते. त्यामुळे ती दहावीनंतरच्या मुलांच्या कपाटात असावी.

पत्र वाचताना आणखी एक गोष्ट जाणवली. वहीतील चारही नावे शोनेन आहेत. मुली शोनेन वाचतात, आणि भरपूर वाचतात. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’सारखी नावाजलेली शोनेन मालिका लिहिणाऱ्या हिरोमू अराकावा या स्वतः स्त्री आहेत, होक्काइदोतील गोपालक कुटुंबात वाढलेल्या. तरीही वहीत फक्त मुलांनीच लिहिले असेल, तर मुलींना मुद्दाम विचारा. शोजो मंगा म्हणजे केवळ शाळेतील प्रेमप्रकरणे, हा समज सर्वत्र आहे आणि तो अपुरा आहे. १९५३ मध्ये ओसामू तेझुका यांनी पुरुषाच्या वेशातील राजकन्येची कथा मुलींच्या मासिकात सुरू केली, त्या काळी मुलींसाठी चित्रे काढणारे बहुतांशी पुरुषच होते. १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा यांच्यासारख्या तरुण स्त्रिया पुढे आल्या आणि त्यांनी मुलींच्या मासिकांत विज्ञानकथा, इतिहास, मनाचे खोल तळ असे सारे आणले. इकेदा यांची ‘द रोझ ऑफ व्हर्साय’ (१९७२-७३) फ्रेंच राज्यक्रांतीवर आहे. तुमच्या मुलींसाठी आरंभ करायचा तर नात्सुकी ताकाया यांची ‘फ्रूट्स बास्केट’ मी सुचवेन. आई गेल्यावर तंबूत राहून शाळा शिकणारी तोरू एका शापित घराण्याच्या आश्रयाला येते, तिथून ती कथा सुरू होते. मूळ २३ खंडांची ही मालिका इंग्रजीत १२ जाड खंडांतही निघाली आहे, आणि ती पुढच्या वर्षाच्या यादीत ठेवावी.

वहीत नसलेली काही नावे मी सुचवतो, कारण मुले मागतात ते देणे आणि मुलांना अजून माहीत नाही ते दाखवणे ही दोन्ही ग्रंथपालाची कामे आहेत. योशितोकी ओइमा यांची ‘अ सायलेंट व्हॉइस’ (२०१३-१४) सात खंडांत संपते. सहावीत असताना शोया नावाच्या मुलाने वर्गातील कर्णबधिर शोकोचा छळ केलेला असतो, तिची श्रवणयंत्रे मोडलेली असतात. मग सारा वर्ग त्याच्यावर उलटतो, आणि काही वर्षांनी तो सांकेतिक भाषा शिकून तिला शोधत येतो. शाळेतील छळ, पाहत राहणारे मित्र, क्षमा मागण्याची अवघड रीत, हे इतके नेमके फार थोड्या पुस्तकांत आले आहे. तिच्यात आत्महत्येचे विचार आणि प्रयत्नही येतात, म्हणून ती चौदा वर्षांवरील मुलांना द्या, आणि ती परत करायला आलेल्या मुलाशी दोन शब्द बोला. शक्य असेल तर गावातील एखाद्या शिक्षिकेलाही ती आधी वाचायला द्या.

केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि त्यातून ते वाचले. त्यांनी आपल्या कुटुंबाच्या अनुभवावरून ‘बेअरफूट गेन’ १९७३ पासून काढली, आणि आश्चर्य म्हणजे तीही शोनेन जंपमध्येच सुरू झाली. तिचे दहा खंड आहेत. पहिले दोन घेतले तरी बॉम्ब पडण्याआधीचे उपासमारीचे घर आणि नंतरचे जळालेले शहर दोन्ही वाचकापुढे येते. ती दृश्ये भयंकर आहेत, कारण ती घडलेली आहेत. नववीच्या इतिहासाच्या वर्गात दुसरे महायुद्ध शिकवणाऱ्या शिक्षकांना हे खंड दाखवा, ते तुमच्या मंडळातील सर्वांत भक्कम पाठीराखे होतील.

तेझुका यांची ‘बुद्ध’ (१९७२ ते १९८३) इंग्रजीत आठ खंडांत मिळते आणि महाराष्ट्रात तिला स्वाभाविक वाचक आहे. आरंभीचे खंड सिद्धार्थापेक्षा छाप्रा या शूद्र मुलाभोवती आणि तात्ता या अस्पृश्य मानलेल्या पोराभोवती फिरतात आणि जातीच्या क्रौर्यावर थेट बोट ठेवतात. पण ही दोन्ही पात्रे तेझुकांनी कल्पिलेली आहेत, मधूनच आधुनिक विनोद येतात आणि चित्रांत उघडी शरीरेही आहेत. आपल्याकडे अनेक घरांत बुद्ध हा श्रद्धेचा विषय आहे, म्हणून हे चरित्र नाही, कादंबरी आहे, असे नोंदीत लिहून हे खंड प्रौढ विभागात ठेवावेत. या देणगीतून मात्र ते घेऊ नयेत.

सर्वांत लहान मुलांसाठी कियोहिको अझुमा यांची ‘योत्सुबा’ घ्या. पाच वर्षांची मुलगी नव्या घरी राहायला येते आणि शेजार, पाऊस, सायकल, आइस्क्रीम असे एकेक पाहत जाते, याहून अधिक काही तिच्यात घडत नाही. वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात जपानी शिकताना माझ्या शिक्षिकेने हीच मालिका मला दिली होती. मुलांसाठीच्या जपानी मासिकांत अवघड चित्रलिपीच्या शेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, त्याच्या आधाराने मी आयुष्यातील पहिले जपानी पुस्तक पूर्ण वाचले. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र असल्यामुळे चार खंड घेऊन थांबले तरी कोणी अडून राहत नाही.

दुकानदार सवलतीत काही गठ्ठा देऊ करतील, तेव्हा जपून राहा. जुंजी इतो यांच्या भयकथा कलेच्या दृष्टीने असामान्य आहेत, ‘बेर्सेर्क’ आणि ‘टोकियो घूल’ यांचेही निष्ठावंत वाचक आहेत, पण त्या सेइनेन किंवा प्रौढांच्या वाचनाच्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्या वन पीसच्या शेजारी, त्याच आकारात, तितक्याच आकर्षक मुखपृष्ठांत उभ्या असतात. विझ मीडियाच्या इंग्रजी आवृत्त्यांवर वयाची खूण छापलेली असते: ‘ए’ म्हणजे सर्वांसाठी, ‘टी’ म्हणजे किशोरवयीन, ‘टी प्लस’ म्हणजे मोठे किशोर, ‘एम’ म्हणजे प्रौढ. मागणीपत्र लिहिण्याआधी ती खूण पाहा, आणि त्यानंतरही एक खंड स्वतः वाचा.

पैशांचा हिशोब असा बसतो. डीमन स्लेयरचा एक खंड तुमच्याकडे आलेलाच आहे, उरलेले २२; अ सायलेंट व्हॉइसचे ७, योत्सुबाचे ४, बेअरफूट गेनचे २. एकूण ३५ खंड, सरासरी ५०० रुपये धरले तर १७,५०० रुपये. गेनचे खंड थोडे महाग पडण्याचा संभव आहे, तो फरक आणि पुस्तकांना जाड प्लास्टिकची आवरणे उरलेल्या रकमेत भागतील. ही पुस्तके हातोहात फिरतात आणि त्यांची बांधणी लवकर सुटते. एकाच मालिकेवर निम्म्याहून अधिक रक्कम जाते हे खरे, पण वहीत लिहिलेल्या चारपैकी एक तरी गोष्ट मुलांना पहिल्यापासून शेवटपर्यंत मिळालीच पाहिजे. वहीत लिहिल्याने काही होते, हा विश्वास त्यातूनच येईल.

मंडळात कोणी म्हणेल की मुले हे सारे मोबाइलवर फुकट वाचतातच, मग खर्च कशाला. फुकट वाचतात ती बहुधा चोरून चढवलेली पाने असतात, आणि त्यांच्या कडेला ज्या जाहिराती झळकतात त्या तुमच्या सदस्यांनी पाहिलेल्या चित्रापेक्षा कितीतरी वाईट असतात. जपानमधील ‘मंगामुरा’ हे असेच प्रचंड संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद पडले आणि त्याच्या चालकाला २०२१ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली, यावरून तिथे हा गुन्हा किती गांभीर्याने घेतला जातो ते कळते. ज्यांना वन पीस वाचायचीच आहे त्यांना शुएइशाच्या ‘मंगा प्लस’ची माहिती द्या, २०१९ पासून चालू असलेल्या या अधिकृत सेवेवर बहुतेक मालिकांची पहिली आणि अगदी ताजी काही प्रकरणे विनामूल्य वाचता येतात.

कपाटाविषयी एवढेच: मंगा सरसकट बालविभागात ठेवू नका आणि सरसकट बाहेरही काढू नका. योत्सुबा बालविभागात राहील. बाकीच्यांसाठी ‘किशोर’ अशी पाटी लावलेला एक वेगळा कप्पा करा आणि त्यातील पुस्तके आठवीपासून पुढच्या सभासदांनाच द्या. दशांश वर्गीकरणात चित्रकथांचा अंक ७४१.५ आहे, पण एका मालिकेचे खंड लेखकाच्या किंवा दाखल क्रमांकाच्या हिशोबाने विखुरले जाऊ देऊ नका, पाठीवर खंडाचा आकडा मोठा लिहून ते ओळीने लावा. आणि नवे खंड दाखल होतील त्या दिवशी तुमच्या साहाय्यकांना शेजारी बसवून घ्या, कारण सवयीप्रमाणे ते वाचनालयाचा शिक्का आणि मागच्या बाजूची तारखेची चिठ्ठी आपल्या पुस्तकांत जिथे लावतात तिथेच लावतील, आणि मंगामध्ये चिठ्ठीची ती जागा कथेच्या पहिल्याच पानावर येते.